कुकरमधले कॉलर्ड: आधी मांस, मग पाला

प्रश्न थोडक्यात असा. नॉर्थ कॅरोलिनात, रॅलीला नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी तिथल्या 'मीट अँड थ्री' खाणावळीत (एक मांसाचा पदार्थ आणि पसंतीच्या तीन भाज्या, असं ताट मिळतं ती) कॉलर्ड ग्रीन्स (कोबीच्या जातीच्या जाड पानांची, मांसाबरोबर शिजवलेली भाजी) खाल्ले आणि ते त्यांना फार आवडले. मग घरी, भारतातून नेलेल्या शिट्टीच्या कुकरमध्ये, चिरलेला पाला, धुरी दिलेला हॅम हॉक (डुकराच्या पायाचा तुकडा), भरपूर पाणी, मीठ आणि व्हिनेगर असं सगळं एकदम घालून त्यांनी चार शिट्ट्या केल्या. पानं मऊ पण बेचव, देठ कचकचीत, हॉक रबरासारखा, रस पाणचट आणि घरभर कोबीचा उग्र वास. त्या विचारतात, 'दोन-तीन तास उकळत बसायला वेळ नाही. हे कुकरमध्ये नीट होतं का?'

होतं. मी अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या जॉर्जियात राहते, आणि घरी काय किंवा चर्चच्या सामुदायिक जेवणांत काय, हा पाला कुकरमध्येच शिजवते. 'आजीच्या हातची चव कुकरमध्ये येत नाही' असं म्हणणारे इथे पुष्कळ भेटतील. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या आज्यांकडे कुकर होता. प्रेस्टो कंपनीचा घरगुती कुकर १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आला, आणि त्याच्याही आधीपासून शेतातल्या शेंगा-भाज्या बरण्यांत भरून टिकवायला मोठाले प्रेशर कॅनर खेड्यापाड्यांत वापरात होते. तेव्हा संकोच नको.

तुमचं बिघडलं ते सगळं एकाच वेळी घातल्यामुळे. हॉकला दाबाखाली अर्ध्या-पाऊण तासाची गरज, पाल्याला जेमतेम सात-आठ मिनिटांची. चार शिट्ट्यांत दोघांचंही भागत नाही. कुकरमुळे जो वेळ वाचतो तो पाल्याचा नाही, मांसाचा. एवढं लक्षात घेऊन कामाचे दोन भाग पाडले की बाकीचं सोपं आहे.

आधी मांस. हॅम हॉक म्हणजे डुकराच्या पायाचा घोट्याजवळचा तुकडा, मीठ लावून धुरीत ठेवलेला. त्यात मांस थोडं, कातडी, हाडं आणि स्नायूबंध जास्त. चव धुराची आणि मिठाची. पण रसाला जो अंगचा दाटपणा येतो तो कातडी आणि स्नायूबंध विरघळून. साध्या भांड्यात १०० अंशांला हे व्हायला दोन-अडीच तास लागतात. तुमच्या शिट्टीच्या कुकरमध्ये आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो जास्त असतो, म्हणजे इकडच्या भाषेत १५ पीएसआय, आणि तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. इन्स्टंट पॉटसारख्या विजेच्या कुकरचा दाब याहून कमी, साधारण १०-१२ पीएसआय, म्हणून त्यात थोडा वेळ जास्त धरायचा. ४००-५०० ग्रॅमचा एक हॉक, तीन कप पाणी, एक कांदा अर्धा कापून, लसणाच्या तीन-चार पाकळ्या ठेचून; मीठ बिलकूल नाही. शिट्टीच्या कुकरला अर्धा तास, विजेच्या कुकरला चाळीस मिनिटं. आणि मग वाफ आपसूक जिरू द्या. मांसाच्या बाबतीत शिट्टी उचलून वाफ काढायची घाई केली तर पाणी आत एकदम उसळतं, रस गढूळ होतो आणि मांसही कोरडं पडतं.

मिनिटं कधीपासून मोजायची? पहिली शिट्टी झाली की आच कमी करायची, शिट्टी नुसती हलकी फुसफुसत राहील इतकीच ठेवायची आणि तिथून घड्याळ लावायचं. शिट्ट्या मोजायची आपली सवय डाळ-भातासाठी ठीक. तिथे दोन मिनिटं इकडची तिकडे झाली तरी चालतं. पण एका शिट्टीला किती वेळ लागतो हे आचेवर, कुकरच्या आकारावर आणि तो किती भरलाय यावर ठरतं. शिवाय प्रत्येक शिट्टीबरोबर पाणी जातं आणि धुराचा वासही जातो, तो घरात राहण्यापेक्षा रसात राहिलेला बरा. भाड्याच्या घरात कॉइलची विजेची शेगडी असेल तर आणखी एक अडचण: बटण कमी केलं तरी कॉइल बराच वेळ तापलेलीच राहते. अशा वेळी शेजारची शेगडी आधीच मंद लावून ठेवा आणि पहिली शिट्टी झाली की कुकर उचलून तिच्यावर ठेवा.

मांस शिजेपर्यंत पाला निवडून होतो. खरं कष्टाचं काम हेच, आणि याला कुकरचा काही उपयोग नाही. कॉलर्ड वाळूमातीच्या जमिनीत वाढतो आणि त्याच्या शिरांच्या घळीत रेती अडकून बसते. पानांच्या मागे मावा असतो तो वेगळा. सिंक स्वच्छ घासून पाण्याने भरायचं, पाला त्यात बुडवून खळबळायचा, दोन मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग पाला वर उचलून घ्यायचा. पाणी ओतून टाकलं तर तळाशी बसलेली रेती पुन्हा पाल्यावर येते. सिंकच्या तळाशी बोटाला कचकच लागेनाशी होईपर्यंत हे परत परत करायचं. सहसा तिसऱ्या पाण्यात भागतं. पाकिटात 'धुतलेला, चिरलेला' म्हणून मिळतो तोही एकदा धुवाच, आणि त्यातले देठाचे जाड तुकडे वेचून काढा. यंत्राने चिरलेल्या पाल्यात देठ सरसकट येतात, आणि तुमचे देठ कचकचीत राहिले त्याचं कारण मला तेच वाटतं.

अख्ख्या पानांची जुडी असेल तर मधली जाड शीर ओढून काढायची: एका हातात देठ, दुसऱ्या हाताची दोन बोटं पानाच्या बुडाशी धरून वर सरकवायची, पान सुटून येतं. मग सात-आठ पानं एकावर एक ठेवून अळूवडीसारखी गुंडाळी करायची आणि बोटभर रुंद कापायची. फार बारीक नको, कुकरमध्ये त्याचा गाळ होतो. देठ टाकायची गरज नाही. कोवळे असतील तर बारीक चिरून पाल्याआधी परतून घ्या.

कुकर उघडलात की हॉक बाहेर काढा आणि रस मोजा. हे मोजणं मी कधीच टाळत नाही. उघड्या भांड्यात तासन्‌तास उकळताना पाणी आटतं आणि चव गोळा होत जाते. कुकरमध्ये आटत जवळजवळ काहीच नाही, उलट पाला स्वतःचं पाणी सोडतो. म्हणून दोन जुड्यांना, म्हणजे निवडण्याआधीच्या साधारण ९०० ग्रॅम पाल्याला, दीड कप रस पुरे. त्याहून जास्तीचा काढून बाजूला ठेवा. फेकू मात्र नका. तुमच्या कुकरसोबतच्या पुस्तिकेत कमीत कमी पाणी किती सांगितलंय ते पाहा, त्याच्याखाली जाऊ नका.

आता त्याच कुकरमध्ये, झाकण न लावता, पातळ चिरलेला कांदा चमचाभर तेलावर किंवा बेकनच्या चरबीवर सोनेरी होईस्तोवर परता. लाल मिरचीचा भरड चुरा अर्धा चमचा. मोजलेला रस घालून तळ लाकडी चमच्याने नीट खरवडून घ्या. इन्स्टंट पॉटवाल्यांनी हे खास लक्षात ठेवावं, कारण तळाला कांदा चिकटलेला असला की मशीन 'बर्न' असा इशारा देऊन दाब धरायचं थांबतं. मग मूठमूठ पाला घालत जायचा. आधी वाटतं की हा ढीग मावणारच नाही. दोन मिनिटांत तो निम्म्याहून खाली बसतो. सगळा पाला बसल्यावर कुकर दोन तृतीयांशाच्या खाली असला पाहिजे. ही केवळ पुस्तकी सूचना नाही. वर तरंगणारं एखादं पान वाफेच्या भोकाला चिकटलं तर भोक बंद होऊ शकतं. पाला न बसवता दाबून कोंबणं आणि झाकण लावणं, हे कधीच करू नका.

झाकण लावून पाला किती मिनिटं? शिट्टीच्या कुकरमध्ये कॉलर्डला पाच ते सहा, विजेच्या कुकरमध्ये सात ते आठ. थंडीच्या आधीचा जून, जाड, मेणचट पाला असेल तर दोन मिनिटं वाढवा. दव गोठायला लागल्यावरचा पाला घ्याल तर कमी लागतील, आणि चवीलाही तो गोडसर असतो. थंडीत हे झाड पानांत साखर साठवतं, म्हणून इथले जुने लोक पहिल्या हिमाआधी कॉलर्ड खायला तयार नसतात. वेळ संपली की इथे मात्र वाफ लगेच काढायची, हाताला कापड गुंडाळून, तोंड बाजूला ठेवून. शिट्टी काट्याने किंचित उचलून हळूहळू वाफ सोडा. विजेच्या कुकरचं बटण वरच्या कपाटाखाली दाबू नका, लाकूड फुगतं. पाल्याला आपसूक वाफ जिरेपर्यंत ठेवलं तर ती आणखी दहा-पंधरा मिनिटांची शिजवणी होते आणि हाती गाळ येतो.

आता त्या उग्र वासाबद्दल. कॉलर्ड, केल, कोबी, फ्लॉवर, नवलकोल ही सगळी एकाच वनस्पतीची भावंडं, ब्रासिका ओलेरासिया. सगळ्यांत गंधकाची संयुगं असतात आणि शिजताना ती सुटतात. उघड्या भांड्यात ती वाफेबरोबर थोडीथोडी निघून जातात. आपल्याकडे पालेभाजीवर झाकण ठेवू नये असं सांगतात त्याचं एक कारण हेच, आणि दुसरं रंगाचं: पाल्यातली आम्लंही वाफेबरोबर जातात, ती कोंडली तर हिरवा रंग मारला जातो. कुकरमध्ये सगळंच कोंडलेलं. वाफ पटकन काढली की वासाचा बराच भाग एका झोतात बाहेर पडतो, म्हणून त्या वेळी एक्झॉस्ट लावा किंवा खिडकी उघडा. त्यानंतर झाकण न लावता मोठ्या आचेवर पाच ते दहा मिनिटं उकळलं की उरलेला वास जातो, रसही आळतो. माझ्या मते चव याच दहा मिनिटांत येते. बहुतेक लोक ती वगळतात आणि मग कुकरला नावं ठेवतात.

रंग शेवाळी, ऑलिव्हसारखा झाला म्हणून घाबरू नका, अमेरिकेच्या दक्षिणेकडचे ग्रीन्स असेच असतात. उष्णतेने आणि आम्लाने पानातल्या हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरव्याचा शेवाळी होतो. कुणी खायचा सोडा घालायला सांगेल. त्याने रंग टिकतो, पण पाला लिबलिबीत होतो आणि ब-१ जीवनसत्त्वाची वाट लागते. चटक हिरवा हवा असेल तर हा पदार्थ करू नका, ब्राझीलवाले करतात तसा करा: तोच पाला अगदी बारीक कापून, लसणीवर दोन-तीन मिनिटं नुसता परतायचा, कुकर वगैरे काही नाही.

व्हिनेगर शिजताना घातलं ही तुमच्या हातून झालेली दुसरी गोष्ट. आंबटपणामुळे पाला मऊ व्हायला वेळ लागतो, शिवाय रंग आणखी मरतो. रस आळताना शेवटी एक मोठा चमचा ॲपल सायडर व्हिनेगर, चिमूट-दोन चिमूट साखर, हॉकचं हाडावरून सोडवलेलं मांस, आणि मग चाखून मीठ. हॉक इतका खारट असतो की कधीकधी मीठ लागतही नाही. रस आळल्यावर खारटपणा वाढतो हे लक्षात घेऊन मिठाचा हात शेवटपर्यंत आवरा. इथल्या टेबलावर हिरव्या तिखट मिरच्या व्हिनेगरमध्ये मुरवलेली छोटी बाटली असते, प्रत्येक जण आपल्या पानात ती शिंपडतो. ती जरूर आणा किंवा घरी घाला. कडवटपणा मोडायला साखरेपेक्षा तिचा उपयोग जास्त.

हा जो खालचा रस, त्याला 'पॉटलिकर' म्हणतात, आणि भाजीइतकाच मान त्याला आहे. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवर पाला मालकाच्या टेबलावर जायचा आणि रस रांधणाऱ्या गुलाम बायकांच्या घरी यायचा, असं सांगतात. पालेभाजी रसासकट शिजवून भाकरीसारख्या कशाबरोबर तरी खायची रीत पश्चिम आफ्रिकेतून आलेली. पाला मात्र युरोपातून आला. १९३१ मध्ये लुईझियानाचा गव्हर्नर ह्यूई लाँग आणि 'अटलांटा कॉन्स्टिट्यूशन' हे वर्तमानपत्र यांच्यात या रसावरून जाहीर वाद रंगला होता: मक्याची पोळी रसात बुडवून खायची की कुस्करून? लाँग बुडवणाऱ्यांतला. माझं मत कुस्करणाऱ्यांकडे, पण त्याला मक्याची पोळी बिनसाखरेची, बिडाच्या तव्यात कडक भाजलेली हवी. सुपरमार्केटचा गोड केकसारखा कॉर्नब्रेड रसात लगेच विरून जातो.

कॉलर्डऐवजी किंवा त्याच्याबरोबर इतर पाला घेणार असाल तर वेळा बदलतात. मोहरीचा पाला आणि टर्निपचा पाला नाजूक. एकटे असले तर दाबाखाली दोन-तीन मिनिटं, आणि कॉलर्डबरोबर मिसळायचे असले तर कुकर उघडल्यावर, रस आळताना घाला, तेवढ्यात शिजतात. टर्निपचे कंद असतील तर इंचभर फोडी करून कॉलर्डबरोबरच टाका. केलला तीन-चार मिनिटं. पालक या कामाचा नाही.

डुक्कर खात नसाल तर धुरी दिलेली टर्कीची मान किंवा पंख वापरा. आजकाल इथल्या कित्येक आफ्रिकन अमेरिकन घरांत तब्येतीपायी हेच वापरतात, त्यात काही उणं नाही. वेळ दहा मिनिटं कमी. फक्त चरबी कमी असते, म्हणून कांदा परतताना तेल दुप्पट घ्या. शाकाहारी करायचं असेल तर पहिला टप्पा गळतोच आणि सव्वा तास वाचतो, पण रसाला अंग दुसरीकडून आणावं लागतं: वाळवलेले मशरूम भिजवलेलं पाणी, चांगला लाल होईपर्यंत परतलेला कांदा, धुरी दिलेली पॅप्रिका आणि सढळ तेल. शेवटी निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार दिला तर आपल्या घरात ते जास्त शोभेल. निखारा वाटीत ठेवा आणि साधी ताटली झाका, कुकरचं झाकण नाही, त्याच्या रबरी रिंगला तो वास महिनाभर राहतो.

पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. कॉलर्ड मिळणार नाही, पण नवलकोलची पानं मिळतील. भाजीवाले ती तोडून टाकतात, मागितली तर बऱ्याचदा फुकट देतात. कोवळी असतील तर चार मिनिटं, जून असतील तर कॉलर्डइतकीच. फ्लॉवरचा पालाही चालतो. हॉकच्या जागी गोव्याची चोरिस (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) घालायचा मोह होईल. छान लागते, पण चोरिसमध्ये व्हिनेगर मुरलेलं असतं, म्हणून ती पाला शिजल्यावरच घाला. आणि त्याला दक्षिणेचे ग्रीन्स म्हणू नका, ती गोव्याची भाजी झाली.

घरात कुणी रक्त पातळ राहण्याची वॉर्फरिनची गोळी घेत असेल तर मात्र जपून. या पाल्यात के जीवनसत्त्व प्रचंड असतं आणि ते त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. एखाद्या आठवड्यात भरपूर आणि पुढच्यात अजिबात नाही, असं करण्याआधी डॉक्टरांशी बोला. बाकीच्यांना कॅल्शियमसाठी हा पाला पालकापेक्षा खूप बरा, कारण कॅल्शियम अडवून धरणारं ऑक्सॅलेट यात फार कमी असतं.

आता वेळेचा खरा हिशेब. कुकर तापायचा आणि वाफ जिरायचा वेळ धरून पहिल्या टप्प्याला सव्वा तास जातो, दुसऱ्याला अर्धा. म्हणजे 'झटपट' म्हणावं असं यात फारसं नाही, शेगडीजवळ उभं राहावं लागत नाही इतकंच. तुम्ही कामावर जाता, तर मी सुचवेन ते असं: सुट्टीच्या दिवशी दोन-तीन हॉक एकदम शिजवा, मांस सोडवा, रस दीड-दीड कपाच्या डब्यांत भरून थोडं थोडं मांस त्यात घाला आणि फ्रीझरमध्ये टाका. गार झाल्यावर वरची चरबी गोठेल, ती काढून कांदा परतायला ठेवा. मग मंगळवारी संध्याकाळी घरी आल्यावर निवडलेला पाला आणि एक डबा, अर्ध्या तासात जेवायला बसता येतं. शिजलेले ग्रीन्स फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतात, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात. जास्तीचा रस उरला तर त्यात चवळी शिजवा. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी इथे चवळी आणि ग्रीन्स एकत्रच खातात, चवळी नाण्यांसाठी आणि पाला नोटांसाठी. भिजवलेल्या चवळीला तुमच्या कुकरमध्ये पाच-सहा मिनिटं पुरतात, आणि तिथे कुकर निम्म्याच्या वर भरू नका, कारण चवळीला फेस येतो.